थंडीत गाडी पळते जास्त की घसरते जास्त?

आडवळणी:
मंडळी, काल सकाळी जे झालं ते आधी सांगतो आणि मग प्रश्न विचारतो, तोवर शिव्या राखून ठेवा. गाडी रिअर व्हील ड्राइव्ह कूपे, टर्बो, ४०० घोड्यांच्या आसपास. टायर गाडीबरोबर आलेलेच, समर परफॉर्मन्सवाले, नक्षी अजून भरपूर शिल्लक आहे. डॅशबोर्डवर ४ अंश दाखवत होतं, रस्ता कोरडा ठणठणीत, ना पाऊस ना दव ना बर्फ. निघून जेमतेम तीन किलोमीटर झाले असतील. सरळ रस्त्यावर गाडी अशी काही ओढत होती की म्हटलं वा, थंडीत इंजिन काय खूश आहे, आणि त्याच खुशीत पुढच्या गोल चौकातून बाहेर पडताना दुसऱ्या गिअरमध्ये रोज दाबतो तेवढंच ॲक्सिलरेटर दाबलं तर मागची चाकं सुटली. हळूहळू नाही हां, साबणावर पाय पडावा तशी एकदम. ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा फडफडला, मी उलटं स्टीअरिंग मारलं, शेपूट एकदा इकडे एकदा तिकडे झालं आणि गाडी सरळ झाली. आजूबाजूला कोणी नव्हतं म्हणून निभावलं. नंतर कडेला घेऊन दोन मिनिटं नुसता बसून होतो.

तर प्रश्न असा की थंडीत इंजिन खरंच जास्त ताकद देतं का, की हा माझा भास? आणि कोरड्या रस्त्यावर फक्त थंडीने ग्रिप एवढी जाते?

उगाचच:
भास नाही. पण ताकद वाढली म्हणून नाही सुटली गाडी, टायर दगड झाले होते म्हणून सुटली. तीन किलोमीटरमध्ये काय गरम होणार!

निवांत_क्लच:
उगाचच यांच्याशी सहमत, थोडं सविस्तर लिहितो कारण दर थंडीत हा प्रश्न येतो आणि दर वेळी लोक '७ अंशाच्या खाली समर टायर नको' एवढंच बोलून निघून जातात.

टायर रस्ता दोन प्रकारे धरतो. एक म्हणजे रबर रस्त्याला अक्षरशः चिकटतं. दुसरं म्हणजे डांबरातल्या बारीक खड्यांवर रबर दबतं, खाचाखोचांत शिरतं आणि परत बाहेर येताना लगेच मूळ आकाराला येत नाही, थोडं रेंगाळतं. त्या रेंगाळण्यातून पकड मिळते. दोन्हीसाठी रबर मऊ आणि लवचीक असायला हवं. प्रत्येक रबराचं एक तापमान असतं ज्याच्या खाली ते काचेसारखं कडक होतं. समर टायरचं मिश्रण असं बनवलेलं असतं की जोरात चालवताना, गरम झाल्यावर ते उत्तम चालावं, त्यामुळे त्याचं हे कडक व्हायचं तापमान विंटर टायरपेक्षा बरंच वर असतं. ४ अंशाला ते पूर्ण काच होत नाही, पण त्या दिशेने निघालेलं असतं. ७ अंश ही काही भिंत नाही, ७.५ ला स्वर्ग आणि ६.५ ला नरक असं होत नाही. ग्रिप उतरत जाते, त्या सुमाराला ती जाणवायला लागते इतकंच.

आणि जितका टायर जास्त 'ट्रॅकवाला', तितकं हे वाईट. सेमी स्लिक (जवळजवळ नक्षी नसलेला, ट्रॅकसाठीचा टायर) असेल तर १०-१२ अंशालाही पहिले काही किलोमीटर जपूनच.

घोडेमोजणी:
इंजिनाचा हिशोब मी देतो, तेवढंच येतं मला.

समुद्रसपाटीला ३० अंशाच्या हवेची घनता घनमीटरला १.१६ किलो, ० अंशाला १.२९ किलो. म्हणजे ११ टक्के जास्त हवा, जास्त ऑक्सिजन, तेवढं जास्त पेट्रोल जाळता येतं. ४ अंशाला फरक ९ टक्क्यांच्या पुढेमागे. मग पॉवर पण ९ टक्के वाढते का? नाही. डायनोवरचे (ताकद मोजायच्या यंत्रावरचे) आकडे दुरुस्त करायला एसएई जे१३४९ नावाचं मानक वापरतात, त्यात तापमानाचं सरळ गुणोत्तर घेत नाहीत, वर्गमूळ घेतात. कारण हवा सिलिंडरमध्ये पोचेपर्यंत मॅनिफोल्ड, पोर्ट, व्हॉल्व्ह यांच्या गरम भिंतींना लागून जाते आणि बाहेरचा थंडपणा वाटेत बराचसा गमावते. त्यामुळे बिनटर्बोच्या इंजिनात ३० अंशावरून ४ अंशावर आलात तर साडेचार टक्के धरा. ४०० वर १८ घोडे. बुडाला जाणवतील न जाणवतील असे.

टर्बोचं गणित वेगळं. तिथे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, बूस्ट (टर्बोने हवा किती दाबायची ते) किती आणि टॉर्क किती हे आधीच ठरवून बसलेलं असतं. हवा थंड आणि घट्ट मिळाली तर कंपनीच्या सेटिंगमध्ये ते वेस्टगेट (एक्झॉस्ट टर्बोला वगळून सोडणारी झडप) जास्त उघडून टॉर्क ठरलेल्या आकड्यावरच ठेवतं. मग फायदा कुठे होतो? इंटरकूलरमधून हवा थंड येते, नॉकची (मिश्रण आपोआप पेटण्याची) भीती कमी, त्यामुळे इग्निशन मागे ओढावं, म्हणजे ठिणगी उशिरा द्यावी, लागत नाही. उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये तासभर उभी असलेली टर्बो गाडी मरगळलेली वाटते ना, ती मरगळ थंडीत नसते. थोडक्यात थंडीत जास्त मिळत नाही, उन्हाळ्यात कमी मिळतं. रीमॅप केलेल्या (ईसीयूचं सेटिंग बदललेल्या) गाड्यांमध्ये मात्र खरोखर जास्त मिळू शकतं, सेटिंगवर आहे.

आता आडवळणी, तुमच्या गाडीचं ढोबळ गणित करतो, आकडे अंदाजाचे. वजन १६०० किलो, ॲक्सिलरेट करताना ५८ टक्के मागे, म्हणजे मागच्या चाकांवर सुमारे ९१०० न्यूटन. टायर गरम, कोरडा रस्ता, घर्षण गुणांक १ धरा, तर मागची चाकं तेवढाच ९१०० चा रेटा झेलू शकतात. इंजिनाचा टॉर्क ४५० न्यूटन मीटर, दुसरा गिअर २.०, डिफ (मागच्या चाकांना ताकद वाटणारा डिफरन्शियल) ३.२, चाकाची त्रिज्या ३३ सेंटिमीटर. रेटा येतो ८७००. म्हणजे उन्हाळ्यात पूर्ण दाबलं तरी सरळ रस्त्यावर कसंबसं झेलतं. आता थंड टायरला गुणांक ०.७५ धरा. झेलायची ताकद ६८००. संपलं. सरळ रस्त्यावरच टॉर्कच्या ७८ टक्क्यांपुढे चाक फिरणार. आणि तुम्ही तर वळणात होतात, ग्रिपचा ६० टक्के भाग आडव्या जोरात गेला असेल तर पुढे ढकलायला ८० टक्केच उरतो (वर्तुळाचं गणित आहे, वजाबाकीचं नाही; ६० आणि ८० च्या वर्गांची बेरीज म्हणजे १०० चा वर्ग), म्हणजे ५४०० आणि काही. टॉर्कच्या ६२-६३ टक्क्यांवर शेपूट बाहेर. 'रोज दाबतो तेवढंच दाबलं' यातच उत्तर आहे.

आडवळणी:
दंडवत. हे गणित प्रिंट काढून स्टीअरिंगला चिकटवतो.

चौफेर:
म्हणूनच मी ऑल व्हील ड्राइव्ह घेतली. ३ अंशाला फुल लाँच मारतो (उभ्या गाडीतून पूर्ण दाबून सुटतो), समर टायरवर, गाडी सुईसारखी सरळ जाते. मला तर थंडीचा काही फरक जाणवला नाही.

चाकोरीबाहेर:
@चौफेर, फरक जाणवत नाही हाच तर त्रास आहे हो. ऑल व्हील ड्राइव्ह ढकलायचं काम चार चाकांवर वाटतं, म्हणून लाँच छान होतं. पण ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात, तिथे तुम्हाला जास्तीचं काही मिळत नाही. वळणातही नाही. १०० च्या वेगावरून थांबायला गुणांक ०.९ असेल तर साधारण ४४ मीटर लागतात, ०.७ असेल तर ५६. बारा मीटर म्हणजे दोन-अडीच गाड्यांची लांबी. रिअर व्हील ड्राइव्हवाल्याला शेपूट हलवून गाडी आधी सांगते की बाबा आज ग्रिप नाही, तुम्हाला ती बातमी थेट ब्रेक मारल्यावर कळणार.

मी ट्रॅक डेला (रेस ट्रॅकवर आपलीच गाडी चालवायची असते तिथे) जाते, माझा अनुभव सांगते. थंड सकाळी पहिल्या सेशनला पहिल्या दोन लॅपमध्ये लोक बाहेर जातात, आणि बहुतेक वेळा जिथे जवळजवळ सगळी वळणं एकाच बाजूची असतात तिथे जातात. म्हणजे पाच उजवी वळणं झाली की डावे टायर छान तापलेले असतात, माणसाला वाटतं झालं, टायर आले, आणि मग पहिलं डावं वळण येतं तेव्हा उजवे टायर अजून गारच असतात. एकदा मी स्वतः अशीच गवतात जाऊन आले आहे. गाडीला काही झालं नाही, पण पुढच्या बंपरातून गवत आठवडाभर निघत होतं.

चौफेर:
ब्रेकचं पटलं. लाँच मात्र मारणार :)

उगाचच:
रच्याकने, रेसिंगमध्ये ड्रायव्हर सेफ्टी कारमागे (अपघात झाला की सगळ्यांना हळू चालायला लावणारी गाडी) गाडी नागमोडी चालवतात ते टायर गरम करायला ना? मग सकाळी निघाल्यावर मी पण नागमोडी चालवू का? (ह.घ्या.)

चाकोरीबाहेर:
हलकेच घेतलं :) पण उत्तर देते. नागमोडीने रस्त्यावरच्या गाडीत फारसं काही होत नाही, पोलीस मात्र थांबवतील. जोरात ब्रेक आणि जोरात ॲक्सिलरेशन याने जास्त उष्णता येते, ब्रेकची उष्णता रिममधून टायरला पण थोडी मिळते. पण नुसता वरचा थर तापून उपयोग नसतो, आतला सांगाडा गार असेल तर वरची गरमी रस्त्याच्या सरळ तुकड्यावर लगेच निघून जाते. आणि गार टायरवर जास्त जोर काढला तर पृष्ठभागाचं रबर सोलून त्याचे बारीक दाणे त्यालाच चिकटतात, त्याला ग्रेनिंग म्हणतात. फॉर्म्युला वनमध्ये लास वेगासची रात्रीची रेस नोव्हेंबरात असते, तिथे हे ग्रेनिंग सगळ्यांची डोकेदुखी असते. त्यांचे टायर तर निघतानाच ब्लँकेटमध्ये तापवलेले असतात, तरीही.

पान्हावाला:
इथे सगळे टायरवरच अडकलेत, इंजिनाच्या तब्येतीबद्दल कोणीच बोलत नाहीये. मी गाड्या खोलतो, मला दिसतं ते सांगतो.

धागाकर्त्याने लिहिलंय 'सरळ रस्त्यावर गाडी झकास ओढत होती', तीन किलोमीटरच्या आत. म्हणजे गार इंजिनावर दाबली. ते करू नका. कूलंटचा काटा मध्यावर आला म्हणजे इंजिन गरम झालं असं नसतं. कूलंट पाच-सात मिनिटांत येतं, ऑईलला थंडीत पंधरा-वीस मिनिटं सहज लागतात. ऑईल टेम्परेचर दिसत असेल तर ८० च्या आत रेव्ह करू नका, एवढा एकच नियम पाळा. जे ऑईल १०० अंशाला १३-१४ सेंटिस्टोक (जाडपणाचं माप) असतं ते ४० अंशाला ७०-८० च्या घरात जातं, आणि गोठणबिंदूजवळ काहीशे. बोटाने ढवळून बघा कधी, मधासारखं लागतं. एवढं जाड ऑईल बेअरिंगच्या बारीक फटीत आणि पिस्टनच्या रिंगांपर्यंत हवं तसं पोचत नाही. शिवाय पिस्टन ॲल्युमिनियमचे, ते गरम होऊन फुगल्यावर सिलिंडरात नीट बसतात. थंड असताना थोडे सैल असतात, म्हणून काही गाड्या सकाळी टकटक करतात आणि मग गप्प होतात.

ऑईलच्या डब्यावरचा डब्ल्यू म्हणजे विंटर, वजन नव्हे, हे पण एकदाचं लिहून ठेवतो. ०डब्ल्यू ऑईलची पंपिंगची चाचणी उणे ४० ला घेतात, ५डब्ल्यूची उणे ३५ ला, १०डब्ल्यूची उणे ३० ला. म्हणून कडाक्याच्या थंडीत ०डब्ल्यू-४० बरं, पण मनाने बदलू नका, मॅन्युअलमध्ये परवानगी आहे का ते बघा. जुन्या बीएमडब्ल्यू एम गाड्या १०डब्ल्यू-६० मागतात, त्यांना ते वाट बघण्याचं पथ्य जास्त. ई४६ एम३च्या आरपीएम मीटरवर म्हणूनच नारिंगी दिवे दिलेत, ऑईल गरम होत जातं तसे एकेक विझत जातात. दिवे आहेत तोवर त्यांच्या खाली राहायचं. काय साधी सोय आहे बघा, आजच्या स्क्रीनमध्ये हे शोधायला तीन मेनू उघडावे लागतात.

निवांत_क्लच:
+१. मग सुरू करून दहा मिनिटं जागेवर ठेवायची का?

पान्हावाला:
नको. अर्धा-एक मिनिट, ऑईल प्रेशर येऊ दे, सुरुवातीचा तो मोठा आवाज थोडा उतरू दे आणि हळू चालवायला घ्या. तो मोठा आवाज तुम्हाला खूश करायला नसतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापवायला ईसीयू आयडल वर नेतं आणि इग्निशन मुद्दाम उशिरा देतं म्हणजे उष्णता एक्झॉस्टमध्ये जाते. जागेवर उभी ठेवली तर इंजिन हळू तापतं, मिश्रण तेवढा वेळ पेट्रोलकडे झुकलेलं राहतं, आणि न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑईलमध्ये उतरतं. शिवाय गिअरबॉक्स, डिफ, बेअरिंगा, टायर यातलं काहीच जागेवर गरम होत नाही. थंडीत नुसत्या दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्यांच्या गाडीत ऑईलचं झाकण उघडलं की आत फिकट पिवळट साय दिसते. ते पाणी आणि ऑईलचं कालवण, हेड गॅस्केट गेलं म्हणून लगेच रडू नका, एक लांब चक्कर मारून आणा आणि परत बघा. कूलंट पण कमी होत असेल तर मग रडा.

आणि कोणाकडे माझदाची रोटरीवाली (पिस्टनऐवजी फिरता रोटर असलेली) आरएक्स-८ असेल तर गार इंजिन सुरू करून गाडी फक्त चार फूट सरकवून बंद करू नका. पेट्रोलने भरून बसते आणि मग परत सुरू करताना नाकी नऊ येतात.

घोडेमोजणी:
अवांतर: थंडीत टॉप स्पीड कमी होतो हे किती जणांना माहीत आहे? हवा ११ टक्के घट्ट म्हणजे तिचा अडथळाही ११ टक्के जास्त. इंजिन ५ टक्केच वाढलं. वेगाला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, म्हणून १.०५ भागिले १.११ चं घनमूळ काढा, ०.९८ येतं. जी गाडी ३० अंशाला ३०० जाते ती ० अंशाला २९४ च्या आसपास अडकेल. विंग असलेल्या गाडीला डाउनफोर्स मात्र ११ टक्के जास्त मिळतो, ती एक भरपाई.

चौफेर:
म्हणजे थंडीत ना नीट वळत, ना नीट थांबत, ना टॉप स्पीड. मग 'थंडीत गाडी मस्त पळते' हे सगळे म्हणतात ते काय?

घोडेमोजणी:
८० ते १५० मध्ये, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये, जिथे ग्रिपची मर्यादा येत नाही आणि हवेचा अडथळा अजून फार नसतो तिथे खरंच मस्त पळते. तेवढ्या पट्ट्यात सगळे खरं बोलतात.

निवांत_क्लच:
@आडवळणी, टायरमधली हवा कधी बघितली होती शेवटची?

आडवळणी:
गरमीत भरली होती ३३. आज सकाळी तुमचा प्रश्न वाचून बघितली, मागे २८.५, पुढे २९. पंक्चर आहे का बघत होतो.

निवांत_क्लच:
पंक्चर नाही, भौतिकशास्त्र आहे. दर साडेपाच अंशाला साधारण १ पीएसआय जातो. तुमचे ३० अंशाला ३३ होते, ४ अंशाला २८-२९ व्हायलाच हवेत. गाडी रात्रभर उभी असताना, सकाळच्या थंडीतच, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर जो आकडा आहे तेवढी भरा. 'थंडीत हवा कमी ठेवली की ग्रिप वाढते' असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका, कडेच्या भिंती लोळतात, मधला भाग नीट टेकत नाही आणि स्टीअरिंगला उत्तर उशिरा येतं. परत ऊन पडलं की तपासायची, नाहीतर वर जाईल.

अजून एक, डॅशबोर्डवरचे ४ अंश हे हवेचे, तेही बंपरजवळच्या सेन्सरचे. रस्त्याचे नाहीत. निरभ्र रात्री रस्ता हवेपेक्षा गार होतो, पूल तर खालून पण गार होतात म्हणून सगळ्यात आधी तेच गोठतात. हवा ३ अंश आणि सावलीतला पूल उणे, असं अगदी होऊ शकतं. गाडी ३-४ अंशाला टुंग करून जो बर्फाचा छोटा फुलवाला दिवा दाखवते तो उगाच नाही.

आडवळणी:
हवा भरली. आणि तापमान मोजायची बंदूक होती पडून, ती घेऊन आज मुद्दाम बघितलं. निघताना चारही टायर ५ अंश. बारा किलोमीटर शांतपणे चालवून थांबलो तर पुढचे १३, मागचे १७. कूलंटचा काटा कधीचा मध्यावर, ऑईल ७४. मला वाटायचं बारा किलोमीटरमध्ये सगळं तापलेलं असतं. त्याच गोल चौकातून अर्ध्या ॲक्सिलरेटरने बाहेर पडलो, काही झालं नाही, पण हात घामेजले होते हे कबूल करतो.

एक शेवटची शंका, हसू नका. पार्किंगमध्ये स्टीअरिंग पूर्ण वळवून हळू गाडी काढली की पुढचं चाक टक टक करत उड्या मारतं. गरमीत असं कधी नव्हतं. डिफ गेला का?

पान्हावाला:
डिफ मागे आहे तुमचा, आवाज पुढून येतोय, मग तो कसा जाईल. स्टीअरिंग पूर्ण वळवलं की पुढची दोन चाकं अगदी अचूक कोनात नसतात, त्यातलं एक थोडं आडवं फरफटतं. रबर मऊ असतं तेव्हा ते ताण गिळून टाकतं, कडक झालं की ताण साठतो, सुटतो, परत साठतो, त्याच त्या उड्या. रुंद समर टायरवाल्या बऱ्याच गाड्यांत हे होतं. स्टीअरिंग थोडं कमी वळवा, जाईल. विंटर टायरवर पण होत असेल तर घेऊन या, मग बघू.

आडवळणी:
विंटर टायर सांगितलेत, चारही. दुकानदार म्हणत होता मागचे दोनच टाका, रिअर व्हील ड्राइव्ह आहे तर काय.

चाकोरीबाहेर:
चारच टाका. मागचे दोनच टाकले तर मागे धरेल पण पुढे स्टीअरिंग वळवून गाडी सरळच जाईल, आणि फ्रंट व्हील ड्राइव्हवाल्याने पुढचेच दोन टाकले तर ब्रेक मारताना शेपूट पुढे येईल. टायरवर डोंगराची तीन टोकं आणि आत हिमकण असं चिन्ह आहे का ते बघून घ्या, नुसतं एम+एस (मड अँड स्नो) लिहिलेलं पुरेसं नाही. आणि काढलेले समर टायर उघड्यावर टाकू नका. काही परफॉर्मन्स टायरच्या कंपन्या स्वतःच सांगतात की उणे ७ च्या खाली गेलेला टायर तसाच चालवला तर नक्षीला तडे जाऊ शकतात, आधी सावकाश गरम होऊ द्यायचा.

आडवळणी:
शनिवारी बसवतोय. गोल चौकाचा रिपोर्ट रविवारी टाकतो.

उगाचच:
वाचनखूण साठवली. चौफेर, तुमचा लाँचचा रिपोर्ट पण टाका, ब्रेकसकट.